खोक्यावरचा आकडा आणि नाण्याएवढं वर्तुळ: लहान शिकारीसाठी एअर रायफल कशी निवडावी

छर्‍याच्या बंदुकीच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो वेग. १२०० फूट प्रति सेकंद, १३५० फूट प्रति सेकंद, कधी त्याहूनही जास्त. नवखा माणूस त्यालाच भुलतो. मोटरसायकल बघताना पोरं आधी सीसी विचारतात, तसा हा आधी वेग विचारतो. ससा, खार, घूस, कबूतर असल्या लहान शिकारीसाठी बंदूक घ्यायची असेल, तर माझ्या मते खोक्यावरची सगळ्यात निरुपयोगी माहिती हीच.

का, ते कळायला सुरुवात जनावरापासून करावी लागते.

दारूवर चालणाऱ्या साध्या .२२ रायफलच्या काडतुसाची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. शिकारीला वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या एअर रायफलच्या छर्‍यात असते सोळाच्या आसपास. म्हणजे जेमतेम नववा हिस्सा. एवढ्याशा ऊर्जेत धक्क्याने जनावर कोसळवण्याची ताकद नसते. छर्रा पोटात किंवा मांडीत लागला तर ससा पळून जातो, बिळात शिरतो आणि तिथे तासन्‌तास तडफडून मरतो. तो जागीच संपतो तो छर्रा मेंदूत गेला तरच. सशाच्या डोक्याकडे बाजूने पाहिलं, तर डोळा आणि कानाचं मूळ यांच्यामध्ये अडीच-तीन सेंटिमीटरची एक जागा असते. मोठ्या नाण्याएवढी. खारीची त्याहून लहान.

तेव्हा प्रश्न असा विचारायचा: कुठल्या बंदुकीने, किती अंतरावरून, दर वेळी न चुकता त्या नाण्यात छर्रा बसवता येईल? दहापैकी आठ वेळा बसला, तर ती बंदूक किंवा ते अंतर आपल्यासाठी नाही. पुढचं सगळं या एका प्रश्नाला धरून.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. नियम देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतची, म्हणजे सुमारे १६ ज्यूलची एअर रायफल फायरआर्म परवान्याशिवाय ठेवता येते, आणि जमीनमालकाच्या परवानगीने तिने सशाची शिकारही चालते. जर्मनीत परवान्याशिवायची मर्यादा साडेसात ज्यूलच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरवला आहे. ती छर्‍याच्या बंदुकीने केली म्हणून सूट मिळत नाही, त्यामुळे भारतात या बंदुकीचं काम टार्गेटपुरतं. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिथला नियम काय, हे बंदूक घेण्याआधी पाहायचं.

वेग, वजन आणि ऊर्जा

छर्‍याची ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते, त्याचं वजन आणि वेग. छर्‍याचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. वेगाचा वर्ग करा, त्याला ग्रेनमधल्या वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा, की फूट-पौंडांत ऊर्जा मिळते. उदाहरणार्थ ८.४४ ग्रेनचा छर्रा ८०० फूट प्रति सेकंदाने निघाला, तर उत्तर येतं जवळजवळ बरोबर १२ फूट-पौंड.

आता खोक्यावरच्या १२०० कडे वळू. हा आकडा बहुतेक वेळा पाच-साडेपाच ग्रेनचे, शिसं नसलेले, हलकेफुलके छर्रे घालून मिळवलेला असतो. चेंडू हलका असला की बॅटवरून सुसाट सुटतो, पण सीमारेषेपर्यंत पोहोचत नाही, तसंच इथे. हलका छर्रा हवेत लवकर दमतो. त्याच बंदुकीत शिशाचा नेहमीचा छर्रा घातला की वेग दोन-अडीचशे फुटांनी खाली येतो आणि बंदूक उलट चांगली वागायला लागते.

त्याला आणखी एक कारण आहे. आवाजाचा हवेतला वेग २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे सुमारे ११२५ फूट. छर्‍याचा आकार डमरूसारखा असतो: पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. हा घेर शटलकॉकच्या पिसांसारखा छर्‍याला मागे ओढून सरळ ठेवतो. पण आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा दाब असा काही उलटासुलटा होतो की हा आकार डगमगायला लागतो. शिवाय चाबकासारखा फटका वाजतो तो वेगळाच. म्हणून जाणकार माणसं ८०० ते ९०० फुटांच्या आसपास खूश असतात आणि १२०० च्या जाहिरातीकडे बघून हसतात.

मग ऊर्जा किती पुरे? नेमक्या जागी बसणार असेल, तर जनावरापर्यंत पोहोचताना छर्‍यात सहा-सात ज्यूल शिल्लक असले तरी सशाला पुरतात, असा अनुभवी शिकाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब आहे. सोळा ज्यूलने निघालेल्या छर्‍यात ३० मीटरवर बाराच्या आसपास उरतात. थोडक्यात, इंग्लंडमधल्या त्या मर्यादेतली साधी बंदूकही सशाला पुरून उरते. अडचण ताकदीची नसते, नेमाची असते.

४.५ की ५.५

नळीचा व्यास, म्हणजे कॅलिबर. मुख्य दोन: .१७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि .२२, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. मधला .२० आणि मोठा .२५ हेही मिळतात, पण त्यांचे छर्रे निवडीला कमी, आणि .२५ ला जोरदार बंदूक लागते. पहिल्या बंदुकीसाठी ते सोडून दिलेले बरे.

ब्रिटनमधले जुने शिकारी सांगायचे, पिसांना १७७ आणि केसांना २२. पक्षी मारायला लहान छर्रा, ससा मारायला मोठा. कारण मोठा छर्रा जड, त्याचं भोक मोठं, आणि तो आपली ऊर्जा जनावराच्या अंगात जास्त सोडतो. हे खोटं नाही. पण या म्हणीत एक गोष्ट धरलेलीच नाही, ती म्हणजे अंतराचा अंदाज.

एक हिशेब करून पाहू. दोन्ही बंदुका सारख्याच ताकदीच्या, १२ फूट-पौंडांच्या. लहान छर्रा सुमारे २४४ मीटर प्रति सेकंदाने निघतो, मोठा १६ ग्रेनचा सुमारे १७८ ने. ३० मीटर जायला लहान छर्‍याला एक सेकंदाचा साधारण सातवा-आठवा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो नऊएक सेंटिमीटर खाली येतो. मोठा छर्रा वाटेत जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे पंधरा-सोळा सेंटिमीटर पडतो. ही पडझड स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, जुळवताना आपण भरून काढतोच. पण समोरचा ससा तीस मीटरवर आहे असं आपण धरलं आणि तो होता पस्तीसवर, तर? लहान छर्रा ठरवलेल्या जागेच्या दीडएक सेंटिमीटर खाली लागेल. मोठा तीन सेंटिमीटर. ते नाणं आठवा: मध्यापासून कडेपर्यंत दीड सेंटिमीटर. पहिला छर्रा कडेवर कसाबसा निभावला, दुसरा सशाच्या जबड्यात गेला. गवतात बसलेला ससा तीस मीटरवर आहे की पस्तीसवर, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं भल्याभल्यांना जमत नाही.

म्हणून बारा फूट-पौंडांच्या मर्यादेतली बंदूक असेल तर मी .१७७ कडे झुकतो. वाऱ्याने तो जास्त ढळतो, बोटांच्या चिमटीत धरायला चिमुकला आणि थंडीत तर वैताग आणणारा, हे सगळं कबूल. ताकद त्याहून जास्त असेल, वीस-तीस फूट-पौंड, तर .२२ ही पुरेसा सपाट जातो आणि मग त्याचं वजन फायद्याचं ठरतं. गोदामात दहा-पंधरा मीटरवरून उंदीर-घुशी मारायच्या असतील, तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. तिथे .२२ खुशाल घ्या.

छर्‍याला ढकलतं कोण

बंदुकीच्या आत हवा दाबायच्या तऱ्हा वेगवेगळ्या, आणि बंदुकीचा स्वभाव खरा इथे ठरतो.

सगळ्यात रुळलेली ती स्प्रिंगची. नळी खाली मोडायची किंवा खालचा दांडा ओढायचा, त्याने आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, पुढची हवा पिचकारीसारखी दाबली जाते आणि छर्रा सुटतो. बाहेरचं काहीच लागत नाही. ना टाकी, ना पंप, ना गॅस. छर्‍यांचा डबा खिशात घातला की झालं. नीट ठेवलेल्या स्प्रिंगच्या बंदुका वर्षानुवर्षं चालतात.

पण तिच्याने नेम धरणं सगळ्यात अवघड, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते. मग दट्ट्या दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळतो आणि बंदूक पुढे झटका खाते. हे दोन्ही धक्के सेकंदाच्या एखाद्या शंभराव्या भागात होतात, आणि या गडबडीत छर्रा अजून नळीतच असतो. तेव्हा बंदूक कशी धरली यावर छर्रा कुठे जाणार ते ठरतं. आवळून धरली तर एकीकडे, सैल धरली तर दुसरीकडे, दगडावर टेकवली तर तिसरीकडेच. उपाय उलटा वाटेल असा आहे: तिला आवळायचंच नाही. डावा तळहात उघडा ठेवायचा, त्यावर बंदूक नुसती ठेवायची, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला दस्ता हलकाच टेकवायचा, आणि तिला हवं तसं उडू द्यायचं. दर वेळी सारखीच उडू दिली की छर्रेही दर वेळी एकाच ठिकाणी जातात. तोफेला मागे सरकू देतात तशी ही पकड. हाताला ती बसायला काही शे छर्रे खर्ची पडतात.

इथेच 'मॅग्नम' नावाच्या जोरदार स्प्रिंग बंदुकांचा सापळा आहे. स्प्रिंग जितकी तगडी, तितके हे धक्के जोराचे आणि नेम तितका कठीण. भरायला वीस-बावीस किलोंचा जोर लागतो. पहिले दहा बार मजेत जातात, पंधराव्या बाराला दंड भरून येतात आणि हात थरथरतो. थरथरत्या हाताला ते नाणं सापडत नाही. मध्यम ताकदीची, चौदा-पंधरा किलोंच्या जोराने भरणारी स्प्रिंग बंदूक शिकारीला कितीतरी बरी.

स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यात दाबलेला वायू असलेल्या 'गॅस रॅम' बंदुकाही मिळतात. स्प्रिंगची झणझण त्यांत नाही आणि थोडा वेळ भरून ठेवल्या तरी बिघडत नाहीत. धक्का मात्र तसाच, उलट जरा तुटकच.

स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल अजून तीन गोष्टी. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. समोर हवेची गादी नसल्याने दट्ट्या धातूवर आपटतो. दट्ट्याच्या खोलीत साधं तेल टाकायचं नाही. हवा दाबली की तापते, तेल पेटतं, धूर आणि धडाका होतो आणि आतलं सील जातं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, पण बंदूक त्यासाठी बनवलेली नाही. आणि छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायची. खटका सुटला तर ती नळी बोटं ठेचून वर येते.

दुसरी मोठी तऱ्हा पीसीपीची, म्हणजे 'प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक'ची. हिच्या पोटात हवेची टाकीच असते, आधीच भरलेली, बहुधा २०० बारच्या (हे दाबाचं माप) आसपास किंवा त्याहून जास्त दाबाने. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, यावरून कल्पना करा. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा छर्‍यामागे जाते. आत जड असं काही हलत नाही, त्यामुळे धक्का जवळजवळ नाहीच. कशीही धरा, झाडाला टेकवा, गुडघ्यावर ठेवा, छर्रा तिथेच जातो. नवख्या माणसाला स्प्रिंगवर महिनोन्‌महिने घाम गाळून जो नेम येतो, तो पीसीपीवर आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. जनावराच्या दृष्टीने पाहिलं तर हीच सगळ्यात दयाळू बंदूक.

तिचं लटांबर मात्र मोठं. हातपंपाने टाकी भरणं म्हणजे भर उन्हात व्यायाम. नाहीतर पाणबुड्यांचा सिलिंडर किंवा कंप्रेसर हवा. सील गळतात, झडपा झिजतात. बंदुकीच्या किमतीत हा सगळा संसार धरूनच हिशेब करायचा. रेग्युलेटर असलेली पीसीपी मिळाली तर ती घ्या. टाकीतला दाब उतरत गेला तरी तो प्रत्येक बाराला सारखीच हवा सोडतो. आणि एक धोक्याची गोष्ट: हवेऐवजी ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं ग्रीस एकत्र आले की स्फोट होतो.

(पीसीपी नवीन वाटते, पण कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे गिरांडोनी नावाच्या कारागिराने बनवलेली हवेची रायफल होती. दस्ता हीच तिची टाकी, आणि ती भरायला पंप हजारावर वेळा मारावा लागे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे १८०४ मध्ये निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही एक हवेची रायफल होती.)

कार्बन डायऑक्साइडच्या कुप्यांवर चालणाऱ्या बंदुका शिकारीसाठी मी बाद धरतो. या वायूचा दाब तापमानावर अवलंबून असतो, थंड पहाटे तो घसरतो, आणि कालच्या दुपारी जुळवलेला नेम आज खाली लागतो. हाताने पाच-सात वेळा पंप मारायच्या बंदुका हलक्या आणि भरवशाच्या असतात, धक्काही नसतो. पण दुसऱ्या बाराआधी पुन्हा तेवढेच पंप मारायचे, आणि समोरचा ससा तेवढा वेळ थांबत नाही.

स्कोप आणि छर्रे

स्कोप घेताना दोन गोष्टी तपासायच्या. स्प्रिंगच्या बंदुकीवर बसवायचा असेल, तर तो एअर रायफलसाठीच बनवलेला हवा. मोठ्या रायफलींचे चांगले स्कोप एका दिशेचा धक्का सोसतात. स्प्रिंगचा तो पुढचा झटका त्यांच्या भिंगांना मोकळं करतो. दुसरं म्हणजे पॅरलॅक्स. पुष्कळ रायफल स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात. वीस मीटरवर त्यातून पाहिलं तर चित्र धूसर दिसतं, आणि डोळा जरा इकडेतिकडे हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकते. दहा मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोप घ्यावा. भिंगाची ताकद सहा-आठ पट पुरे. जास्त घेतली तर फक्त आपल्या हाताचा कंप मोठा दिसतो.

छर्‍यांच्या डब्यावर टोकदार, पोकळ टोकाचे, चपटे, नाना प्रकार दिसतील. टोकदार छर्रे दिसायला खतरनाक, पण ते नाजूक टोक वाकडं असण्याची शक्यता जास्त. चपट्या डोक्याचे कागदावर स्वच्छ भोक पाडतात आणि जवळून उंदरांना चालतात, वीस-पंचवीस मीटरच्या पुढे भरकटतात. गोल डोक्याचा साधा छर्रा सगळ्यात खात्रीचा.

पण कुठल्या कंपनीचा, कुठल्या वजनाचा, हे तुमची नळीच सांगेल. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुकांना वेगवेगळे छर्रे मानवतात. चार-पाच प्रकारचे डबे आणा, वारा पडलेला असताना पंचवीस मीटरवर प्रत्येकाचे पाच-पाच बार काढा. एका डब्याचे पाचही छर्रे एकाच फाटक्या भोकात जातील, दुसऱ्याचे बशीभर पसरतील. बंदूक तीच, माणूस तोच. मग जो मानवला त्याचेच डबे घ्यायचे. बार भरताना छर्‍याचा मागचा घेर एकदा बघायचा. डब्यात चेपून तो लंबगोल झाला असेल, तर तो छर्रा सरावाला. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हाताळल्यावर हात धुवायचे, शिकार खायची असेल तर जखमेभोवतालचं मांस कापून टाकायचं.

दुकानात बंदूक हातात घेतलीत की डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं, मान ताणावी किंवा दाबावी लागली नाही, तर ती तुमच्या अंगाची. चाप हळूहळू ओढून पाहा (स्प्रिंगची असेल तर छर्रा घालून, सुरक्षित लक्ष्यावर). आधी एक मऊ टप्पा, मग एक स्पष्ट अडथळा, आणि त्यापुढे काच तुटावी तसा सुटला पाहिजे. ओढत ओढत नेमका कधी सुटेल याचा पत्ता लागू न देणारा चाप नेम बिघडवतो, आणि तो दोष कुठल्याही महाग स्कोपने झाकत नाही.

पैसा आणि सोय असेल तर रेग्युलेटरची पीसीपी, नसेल तर मध्यम ताकदीची, नळी मोडायची स्प्रिंग बंदूक आणि सरावासाठी छर्‍यांचे भरपूर डबे. माझी निवड अशी असेल.

बंदूक घरी आली की कागदावर नाण्याभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळं काढा. कागद मातीच्या ढिगाऱ्यावर लावा, दगडावर किंवा भिंतीवर नको, छर्रा उसळून परत येतो. चष्मा घाला. पंधरा मीटरपासून सुरुवात करा, पण टेबलावर बसून नाही. शिकारीत बसाल तसे, जमिनीवर, एक गुडघा टेकवून, झाडाला रेलून. दहापैकी दहा छर्रे वर्तुळात गेले की पाच मीटर मागे सरका. असं करत ज्या अंतरावर पहिला छर्रा वर्तुळाबाहेर जाईल, तिथून पाच मीटर पुढे या आणि पायाने जमिनीवर रेघ ओढा. स्प्रिंगवाल्या नवख्याची रेघ बहुधा वीस मीटरलाच पडते. कागदापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून ठेवा. ससा त्याहून लांब असेल तर त्याच्यावर बार काढायचा नाही.